चौदाव्या मंडळाची पाळी: पायथनच्या यादीतला ऋण इंडेक्स

अंत्रुज महालातल्या, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यातल्या, एका गावच्या देवळात श्रावणात चोवीस तासांचं अखंड भजन होतं. दुपारी बाराला समई लावतात आणि दुसऱ्या दिवशी बाराची आरती होईपर्यंत टाळ खाली ठेवायचा नाही, असा दंडक. वास्कोच्या दामोदर सप्ताहामुळे ही रीत गोव्याबाहेरही ठाऊक आहे; नाव सप्ताह असलं तरी तिथलंही अखंड भजन नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन चोवीस तासच चालतं. लहान गावात वास्कोसारखी फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरत नाही, पण पाळीची शिस्त तितकीच कडक. एका तासाला एक मंडळ. घरात कोंकणी बोलणारी माणसं पेटी-पखवाज घेऊन मराठी अभंग गायला बसतात, आणि पुढचं मंडळ सभामंडपाच्या कडेला येऊन टेकल्याशिवाय आधीचं मंडळ भैरवीला हात घालत नाही.

हे प्रकरण या पाळ्या दाखवणाऱ्या, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या एका छोट्या स्क्रिप्टचं, म्हणजे प्रोग्रामचं, आहे. ती लिहिली समितीच्या चिटणिसांच्या पुतण्याने, जो इंजिनिअरिंगला शिकतो. सभामंडपातल्या टीव्हीवर दोनच ओळी दिसायच्या: आता कोण आणि यानंतर कोण. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या आवारातल्या धर्मशाळेत, लॅपटॉपपाशी एक स्वयंसेवक बसायचा. दर तासाच्या मध्यावर ‘यानंतर’ची ओळ बघून त्या मंडळाच्या प्रमुखाला फोन लावायचा, एवढंच त्याचं काम. अर्धी मंडळं शेजारच्या गावांतून येतात, पावसात टेम्पो काढायचा असतो, त्यामुळे हा फोन महत्त्वाचा.

स्क्रिप्टचा गाभा असा होता:

गट = फाइलीतल्या ओळी, वरून खाली
आता = गट[तास - १२]
यानंतर = गट[तास - १२ + १]

‘तास’ म्हणजे संगणकाच्या घड्याळातला चोवीस-ताशी आकडा, ० ते २३. चौकटी कंसातला आकडा म्हणजे यादीतल्या जागेचा क्रमांक; त्यालाच इंडेक्स म्हणतात. पोराने ‘गट’, ‘तास’ अशी चलांची नावं खरोखरच देवनागरीत ठेवली होती. पायथन ३ ला ते चालतं. आकडे मात्र मी इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. प्रोग्राममध्ये असे लिहिले तर पायथन ओळच नाकारतं. गंमत अशी की देवनागरी ‘१२’ ही अक्षरं म्हणून देऊन त्यांचा पूर्णांक करून मागितला, तर तोच पायथन मुकाट्याने करून देतो.

वजाबाकीमागचा विचार सरळ आहे. भजन बाराला सुरू होतं, पायथनची यादी शून्यापासून मोजली जाते, म्हणून बारामधून बारा वजा केले की पहिलं मंडळ. दुपारी एकला १३ वजा १२, म्हणजे इंडेक्स १, दुसरं मंडळ. रात्री अकराला इंडेक्स ११, बारावं मंडळ. आदल्या वर्षी हीच स्क्रिप्ट पूर्ण चोवीस तास चालली होती आणि एकाही मंडळाला चुकीचा फोन गेला नव्हता. हे लक्षात असू द्या, कारण पुढे ह्याच गोष्टीने सगळ्यांना चकवलं.

त्या रात्री काय झालं

संध्याकाळपर्यंत सगळं बिनबोभाट. रात्री साडेअकराला स्वयंसेवकाने मध्यरात्रीच्या, म्हणजे तेराव्या मंडळाला फोन केला, ते वेळेवर आले. बाराला थोडी मिनिटं असताना लाईट गेली. श्रावणात गावात हे नवीन नाही. इन्व्हर्टर चालू झाला, टीव्ही बंद होऊन पुन्हा लागला. बारा वाजले, तेरावं मंडळ गायला बसलं, आणि टीव्हीवर ‘आता’ म्हणून नाव झळकलं चौदाव्याचं. लोक हसले. लाईटीने घोळ केला म्हणाले, आणि गजर पुढे चालू झाला.

साडेबाराला स्वयंसेवकाने ‘यानंतर’ची ओळ बघितली. तिथे पंधराव्या मंडळाचं नाव होतं. त्याने फोन लावला. ते मंडळ शेजारच्या गावचं, त्यांची खरी वेळ पहाटे दोनची. पण देवळातून फोन आला म्हणजे वेळ बदलली असणार, असं समजून ते पावसातून टेम्पो घेऊन निघाले. चौदाव्या मंडळाला फोनच गेला नाही. ते गावातलंच, वेळ तोंडपाठ असलेलं, त्यामुळे न बोलावता एकला पाच मिनिटं असताना येऊन बसलं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते, आणि दोघांच्याही हातात पखवाज.

‘आमची पाळी खंय गेली?’ चौदाव्या मंडळाच्या बुवांचा आवाज गाण्यात कमावलेला, त्यामुळे गाभाऱ्यापर्यंत पोचला. टीव्ही पाहुण्यांच्या बाजूने साक्ष देत होता. शेवटी चिटणिसांनी फलकावर टाचलेला कागद काढून आणला, त्यावर प्रत्येक नावापुढे वेळ लिहिलेली होती, आणि एकचं मंडळ एकला बसलं. पाहुण्यांना चहा आणि चण्यांची उसळ मिळाली, पण तासभर ताटकळणं चुकलं नाही. टीव्ही बंद केला गेला आणि उरलेली रात्र कागदावर निभावली.

दोन दिवसांनी चिटणिसांनी मला बोलावलं. मी पणजीत प्रोग्रामिंगचंच काम करतो आणि माझं आजोळ त्या गावचं, एवढं नातं पुरलं.

संशयित

गावाचं एकमत होतं की लाईट. पण लॅपटॉपला बॅटरी असते. तो बंद पडलाच नव्हता. बंद झाला होता फक्त टीव्ही. शिवाय टीव्ही बंद-चालू झाल्याने यादीतलं नाव एकाने पुढे सरकण्याचं कारण नाही. योगायोग वेळेचा होता, आणि असा योगायोग असला की पुढचा शोध तिथेच थांबतो, हा त्याचा खरा तोटा.

दुसरा संशय घड्याळाचा. परदेशी वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर भारतातली वेळ साडेपाच तासांनी चुकते, ही नेहमीची भानगड. पण इथे लॅपटॉप गावातलाच, आणि घड्याळ चुकलं असतं तर दुपारची नावंही चुकली असती. दुपारी बारा ते रात्री बारा सगळं बरोबर, आणि बाराच्या ठोक्याला बिघाड. याचा अर्थ चूक वेळेत नाही. शून्याच्या पलीकडे गेल्यावर काहीतरी बदलतं.

तिसरा संशय पोराचा स्वतःचा होता आणि तो निम्मा खरा निघाला. तो म्हणाला, ‘दादा, फाइलीत शेवटी रिकामी ओळ राहिली असणार.’ मजकूर ओळीच्या खुणेवर तोडला आणि फाइलीच्या शेवटी ती खूण असली, तर यादीत शेवटी एक रिकामा घटक जास्तीचा येतो. हे पायथनमध्ये नेहमी घडतं. म्हणून आम्ही यादीची लांबी छापून बघितली. चोवीसच्या जागी पंचवीस आली. रिकामी ओळ मात्र नव्हती. पंचविसाव्या ओळीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: समारोप, आरती.

ती ओळ चिटणिसांनी घातली होती, आणि का घातली हे ऐकल्यावर त्यांना दोष देणं जमेना. आदल्या वर्षी सकाळी अकराला शेवटचं मंडळ गात असताना टीव्हीवर ‘यानंतर’ म्हणून पहिल्या मंडळाचं नाव आलं होतं. लोकांनी थट्टा केली की पहिल्या मंडळाला पुन्हा बसवणार काय. म्हणून या वर्षी काकांनी विचार केला: चोविसाव्यानंतर पंचविसावं काहीतरी हवं, तर समारोप लिहून ठेवू. कागदावर हे अगदी बरोबर आहे. फाइलीत एक ओळ शेवटी वाढवली तर वरच्या चोवीस ओळींना काय धक्का लागणार?

त्यांनी तपासूनही पाहिलं होतं. आदल्या दिवशी दुपारी चारला स्क्रिप्ट चालवली, चारचं मंडळ बरोबर दिसलं, समाधान झालं.

सगळे तास एकदम

मध्यरात्र व्हायची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. पोराकडून मी एवढाच बदल करून घेतला की स्क्रिप्टने तास घड्याळातून न घेता आपण देऊ तो घ्यावा. मग ० ते २३ सगळे आकडे एकामागून एक देऊन निकाल छापला. महत्त्वाच्या ओळी या:

तास २२ : आता इंडेक्स १०, यानंतर ११
तास २३ : आता इंडेक्स ११, यानंतर १२
तास ० : आता इंडेक्स -१२, यानंतर -११
तास १ : आता इंडेक्स -११, यानंतर -१०
तास १० : आता इंडेक्स -२, यानंतर -१
तास ११ : आता इंडेक्स -१, यानंतर ०

पोर बघतच राहिला. मध्यरात्रीनंतर आपण ऋण आकडे देतोय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण आदल्या वर्षी त्याने काही बिघडलं नव्हतं.

पायथनमध्ये ऋण इंडेक्स ही चूक मानली जात नाही. गट[-१] म्हणजे शेवटचा घटक, गट[-२] म्हणजे शेवटून दुसरा. आतला नियम दोन पायऱ्यांचा आहे: इंडेक्स शून्याहून लहान असेल तर त्यात यादीची लांबी मिळवायची, आणि मग उत्तर यादीच्या हद्दीत आहे का बघायचं. आदल्या वर्षी लांबी २४ होती. मध्यरात्री -१२ मध्ये २४ मिळवले की १२, म्हणजे तेरावं मंडळ. बरोबर. सकाळी अकराला -१ मध्ये २४ मिळवले की २३, चोविसावं मंडळ. तेही बरोबर. घड्याळ चोवीस तासांनी फिरतं आणि यादीही चोवीसचीच होती, म्हणून पायथनने जे केलं ते नेमकं हवं तेच होतं. पोराने मध्यरात्रीचा विचार केला नव्हता. त्याच्या वतीने तो लांबीने केला.

या वर्षी लांबी २५. -१२ आणि २५ मिळून १३. तेराव्याच्या जागी चौदावं मंडळ. धन आकड्यांना लांबीशी देणंघेणं नसतं, म्हणून दुपार-संध्याकाळ शाबूत राहिली. ऋण आकडे मागच्या टोकापासून मोजले जातात, आणि ते टोकच एक घर पुढे सरकलं होतं. शेवटी ओळ वाढवली तर वरच्या ओळींना धक्का लागत नाही हे खरं, पण कोणी खालून मोजत असेल तर सगळ्यांना लागतो.

आता त्या रात्रीची साखळी पुरी जुळते. साडेअकराचा फोन +१२ वरून गेला, म्हणून बरोबर. साडेबाराचा फोन -११ वरून गेला, म्हणजे १४ वर, पंधराव्या मंडळाला. मधलं १३, म्हणजे चौदावं मंडळ, दोन पद्धतींच्या सांध्यात पडलं. संपूर्ण यादीत फोन चुकला तो या एकाच मंडळाचा. पुढच्या सगळ्यांना फोन गेले असते, पण प्रत्येकाला तासभर आधी. टीव्ही बंद केला नसता तर सकाळी साडेदहालाच भटजींना समारोपाचं बोलावणं गेलं असतं. आणि ज्या ओळीसाठी हा सगळा खटाटोप झाला ती ओळ अकराच्या ‘यानंतर’मध्ये आलीच नसती, तिथे इंडेक्स ० आहे, म्हणजे पुन्हा पहिलं मंडळच. काकांनी ज्या थट्टेवर उपाय केला ती थट्टा जशीच्या तशी शिल्लक होती.

आणखी एक गोष्ट पोराने थोड्या नाराजीने दाखवली. त्याने हद्दीबाहेरच्या इंडेक्सची सोय केली होती. पायथन यादीबाहेरचा इंडेक्स मागितला की इंडेक्स-एरर देतं. तो पकडून टीव्हीवर ‘समितीशी संपर्क साधा’ असं दाखवायची ओळ स्क्रिप्टमध्ये होती. ती एकदाही चालली नाही, आणि चालणारही नव्हती. चोवीस घटकांच्या यादीला ० ते २३ हे इंडेक्स चालतात तसेच -१ ते -२४ हेही चालतात: चोवीस खोल्यांना अठ्ठेचाळीस दारं. आपली वजाबाकी -१२ ते +१२ एवढ्यातच फिरते. ती कुठल्याही दाराबाहेर जात नाही, फक्त चुकीच्या खोलीत शिरते.

दुसऱ्या भाषेत असतं तर

चिटणीस काकांनी विचारलं, ‘मग ही भाषाच बदललेली बरी काय?’ प्रश्न गैर नव्हता. हीच वजाबाकी जावास्क्रिप्टमध्ये असती तर चौकटी कंसातल्या ऋण इंडेक्सला काहीच सापडलं नसतं, आणि पहिल्याच वर्षी मध्यरात्री टीव्हीवर ‘अनडिफाइन्ड’ असं आलं असतं. लाज गेली असती, पण दोष त्याच रात्री कळला असता. शेवटून मोजायची सोय जावास्क्रिप्टमध्ये पुढे २०२२ च्या आवृत्तीत आली, पण ‘अॅट’ या वेगळ्या नावाने. चौकटी कंसाचा अर्थ तोच राहिला. लुआमध्ये यादी एकापासून मोजायची रीत आहे आणि ऋण इंडेक्सला ‘निल’ मिळतं. रुबी आणि पर्ल पायथनसारखेच शेवटून मोजतात, तिथे आपण असेच फसलो असतो. वर ते हद्दीबाहेर गेलं तरी ओरडत नाहीत, रिकामं उत्तर देतात. आर या भाषेत तर ऋण इंडेक्स म्हणजे तो घटक सोडून बाकी सगळे. मध्यरात्री टीव्हीवर तेवीस मंडळांची नावं आली असती.

तरी मी पायथनला दोष देणार नाही. शेवटचा घटक काढायला गट[-१] लिहिता येणं ही रोजच्या कामात फार मोठी सोय आहे, आणि ते लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते माहीत असतं. धोका आहे तो हिशेबातून आलेल्या ऋण आकड्याचा. हाताने लिहिलेला -१ हा हेतू असतो. वजाबाकीतून आलेला -१ बहुतेक वेळा अपघात असतो. पायथनला दोघांतला फरक कळायला काही मार्ग नाही, म्हणून तो आपण सांगायचा.

शून्यापासून मोजण्यावरही काका थोडे रागावले होते. चौदाव्या मंडळाला तेरा म्हणायचं ही कसली पद्धत? पण गंमत म्हणजे या प्रकरणात शून्यच सोयीचा आहे. इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. पहिलं मंडळ बसतं तेव्हा शून्य तास गेलेले असतात, चौदावं बसतं तेव्हा तेरा. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात शून्यापासून मोजण्याची बाजू मांडली होती, आणि पायथनचे कर्ते गिडो व्हान रोसम यांनीही यादीचे तुकडे पाडताना ते सुबक दिसतं म्हणून शून्य स्वीकारला. काकांना मी एवढंच म्हटलं की तुमच्या भजनाला किती तास झाले हे विचारा, मंडळाचा नंबर विचारू नका. ते त्यांना पटलं.

दुरुस्ती

पहिली सूचना पोराची: पंचविसावी ओळ काढून टाकू. त्याने यंदाचं काम भागलं असतं. पण एखाद्या वर्षी एक मंडळ कमी झालं, दोन मंडळं एकत्र बसली, कोणी शेवटी रिकामी ओळ सोडली, की पुन्हा तेच. चोवीस या आकड्यावर सगळं उभं आहे आणि ते कुठेही लिहिलेलं नाही, ही खरी अडचण.

दुसरी सूचना त्याच्या वर्गमित्राची, फोनवरून: यादीच्या लांबीने भागून बाकी घे, ऋण आकडा येणारच नाही. ही सूचना ऐकायला फार चांगली वाटते आणि सर्रास दिली जाते, म्हणून ती करूनच दाखवली. पायथनमध्ये भाजक धन असला की बाकीही धन येते. -१२ ला २५ ने भागून बाकी घेतली तर १३. पुन्हा चौदावं मंडळ! ऋण इंडेक्सने जे गुपचूप होत होतं तेच आता उघड लिहून केलं, एवढाच फरक. (सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये तर ही बाकी -१२ च राहते, म्हणजे तिथे तीही आशा नको.) बाकी घ्यायची असेल तर २४ ने घ्यायला हवी, कारण गोल फिरतं ते घड्याळ. यादी गोल फिरत नाही. तिला पहिलं मंडळ आहे आणि शेवटचं मंडळ आहे. अकराला ‘यानंतर’मध्ये पहिलं मंडळ येत होतं ते याच गैरसमजातून.

मग घड्याळातला तास हा आकडाच सोडून दिला. सुरुवातीची तारीख आणि वेळ स्क्रिप्टमध्ये एकदा लिहिली, आणि आत्ताच्या तारीख-वेळेतून ती वजा करून किती पूर्ण तास गेले ते काढलं. मध्यरात्री हा आकडा १२ येतो, सकाळी अकराला २३. अर्ध्या वाटेत उलटा फिरत नाही. त्यानंतर यादीला हात लावण्याआधी एकच चौकशी: आकडा शून्य किंवा जास्त आहे का, आणि लांबीहून कमी आहे का. पहिली अट तुटली तर ‘भजन दुपारी बाराला सुरू होईल’, दुसरी तुटली तर ‘समारोप, आरती’. समारोप यादीतून बाहेर आला. ते मंडळ नाहीच मुळी, ते यादी संपल्याचं नाव आहे. ‘यानंतर’साठी हीच चौकशी एक मिळवून पुन्हा.

शून्याची अट अनावश्यक वाटली म्हणून पोर ती गाळणार होता. भजनाआधी टीव्ही कोण लावतो? तर सकाळी साडेअकराला मांडव सजवणारे लावतात. तेव्हा गेलेला वेळ उणे अर्धा तास. पायथनमध्ये दोन तिरप्या रेघांचा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे जातो, म्हणून उत्तर -१ येतं, आणि -१ म्हणजे आपलं जुनं दार: भजन सुरू व्हायच्या आधीच टीव्हीवर शेवटचं मंडळ. तेच अपूर्णांक काढून नुसता पूर्णांक केला तर तो शून्याकडे कापला जातो आणि पहिलं मंडळ अर्धा तास आधीच ‘आता’मध्ये बसतं. दोन्ही उत्तरं चूक, दोन्ही बिनतक्रार. अट राहिली.

हे सगळं झाल्यावर मी काकांना फलकावरचा कागद पुन्हा मागितला. त्या कागदाने रात्री का वाचवलं? त्यावर नावासमोर वेळ लिहिलेली होती. कागदावरून एक ओळ फाडली तरी बाकीच्या ओळींची वेळ बदलत नाही. आमच्या फाइलीत वेळ कुठेच नव्हती; ती ओळीच्या जागेत लपलेली होती, आणि जागा कोणीही कधीही हलवू शकतो. म्हणून शेवटी फाइलीतही दोन रकाने केले, वेळ आणि नाव. स्क्रिप्ट आता ओळी वरून खाली बघत जाते आणि जिची वेळ होऊन गेली आहे अशी शेवटची ओळ घेते. एकही वेळ झालेली नसेल तर भजन सुरू व्हायचं आहे. समारोपाची ओळ बाराची वेळ लावून फाइलीत परत आली आणि काकांना बरं वाटलं. रकान्यात तारीखही लागते, नाहीतर पहाटेचा एक दुपारच्या एकाच्या आधी येऊन बसतो. चोवीस ओळींसाठी वेगाचा प्रश्नच नाही. इंडेक्सने थेट उडी मारणं झटपट असतं हे खरं, पण इथे झटपट असून कोणाला काय मिळणार होतं?

इंडेक्स पूर्ण गेला असं मात्र नाही. दर वर्षी पाळी एकाने सरकते: यंदा दुपारी बाराला बसलेलं मंडळ पुढच्या वर्षी सर्वांत शेवटी, बाकी सगळी एक तास अलीकडे. त्यासाठी नावांचा रकाना वेगळा काढून गट[१:] + गट[:१], म्हणजे पहिलं सोडून बाकी सगळी आणि त्यामागे पहिलं, एवढं केलं की पुरतं, आणि वेळेचा रकाना जागचा हलत नाही. तुकडा घेताना पायथन हद्दीची कुरकुर करत नाही, म्हणून हे चालवण्याआधी नावं आणि वेळा सारख्याच आहेत ना, हे मोजायची ओळ पोराने न सांगता घातली. समारोपाचं नाव या फिरवण्यातून वगळायचं, हे मात्र सांगावं लागलं.

चौदाव्या मंडळाची एक मागणी होती: झालेल्या मनस्तापाबद्दल पुढच्या वर्षी रात्रीची वेळ नको, संध्याकाळची द्या. समितीच्या बैठकीत एक संध्याकाळचं मंडळ अदलाबदलीला तयार झालं. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी काही लिहिलेलं नाही. फिरवून झाल्यावर काका फाइल उघडून ती दोन नावं हाताने बदलतील, आणि तोच कागद छापून फलकावर लावतील.